दोनशे एकोणनव्वद उल्लेख

हृदयाच्या डॉक्टरकडे माणूस धापा टाकत जातो आणि नशीब असेल तर हसत परत येतो. या डॉक्टरांकडे मात्र नुसतं हृदयच यायचं, तेही औषधी पाण्याच्या बरणीत. माणूस कशानं गेला, एवढंच त्यांनी सांगायचं. तीस वर्षं त्यांनी हेच केलं आणि इस्पितळात त्यांना ‘शेवटचे डॉक्टर’ असं नाव पडलं. ते त्यांच्या कानावर होतं. रागवायला सवड नव्हती, एवढंच.

तर झालं असं, की वरून फर्मान निघालं: ज्या विभागाच्या संशोधनाचा प्रभाव कमी, तो विभाग बंद. प्रभाव म्हणजे काय, तर तुमच्या लेखांचा उल्लेख इतरांनी आपल्या लेखांत किती वेळा केला, तो आकडा. चारशेच्या वर असाल तर राहाल. खाली असाल तर खोलीला कुलूप, आणि हृदयांचे तुकडे ज्यात जपून ठेवले होते ते मेणाचे ठोकळे भट्टीत. जन्मभराचं काम बटाट्यासारखं काट्यावर टाकायचं, अशी ही अक्कल.

मोजणी ग्रंथपालबाईंकडे आली. बाई तोंडाच्या फटकळ, पण कामाला चोख. तिसऱ्या दिवशी कागद घेऊन त्या डॉक्टरांच्या खोलीत आल्या.

“एकूण चारशे सदतीस. सुटलात,” त्या म्हणाल्या. “पण त्यातले दोनशे एकोणनव्वद एकाच लेखाचे आहेत. मी उघडून वाचले. सर, सगळे लिहितात की तुमचं चुकलं.”

“बरोबर लिहितात.”

“म्हणजे लोकांनी शिव्या घातल्या, त्याही तुमच्या पुण्यात जमा?”

“आकड्याला कुठे कान असतात, बाई.”

वीस वर्षांपूर्वी डॉक्टरांनी चौदा तरुण हृदयं तपासली होती. धडधाकट मुलं, कोणी खेळताना तर कोणी जिना चढताना कोसळलेली. चौदाही हृदयांच्या उजव्या भिंतीत चरबी होती. ही चरबी निरुपद्रवी आहे, असं त्यांनी छातीठोकपणे लिहून टाकलं. पुढे इतरांनी दाखवून दिलं, की तोच रोग आहे आणि तो घराण्यात उतरतो. वेळेवर कळला तर मागे राहिलेली भावंडं वाचतात. डॉक्टरांनी चूक कबूल करणारा लेखही लिहिला. त्याचे उल्लेख दोन, आणि त्यातला एक त्यांचा स्वतःचाच.

गेली चार वर्षं ते एकेक ठोकळा पुन्हा कापून बघत होते, खात्री करून घेत होते आणि मग त्या घरचा पत्ता शोधून फोन करत होते. सवयीप्रमाणे काम नोंदवहीच्या क्रमानं. अकरा घरं झाली होती. दोन घरांत रोग असलेल्या बहिणी सापडल्या. त्या आज औषधांवर का होईना, जिवंत आहेत. तीन घरं राहिली होती. विभाग बंद झाला, की ते तीन ठोकळे जळणार होते.

“तो लेख गाळला तर एकशे अठ्ठेचाळीस,” बाई म्हणाल्या. “काय करू? मोजू की गाळू?”

डॉक्टरांची कानशिलं तापली. इतकी लाज त्यांना उभ्या जन्मात वाटली नव्हती.

“मोजा,” ते म्हणाले.

डीनसाहेबांनी भरसभेत त्यांचं कौतुक केलं. एका लेखाची जगानं एवढी दखल घेतली, म्हणून टाळ्या पडल्या. डॉक्टर मान खाली घालून बसले, तर लोकांना तो विनय वाटला. ग्रंथपालबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांनी बारावा ठोकळा कापला. चरबी ढळढळीत दिसत होती. फोन नंबर मिळायला तीन दिवस लागले. मुलाच्या आईनंच फोन उचलला. डॉक्टरांनी काही लपवलं नाही.

“तुमच्या मुलाच्या हृदयाला रोग नव्हता, असं मी लिहिलं होतं. ते चुकीचं होतं. त्याच्या भावंडांना तपासायला हवं.”

“एकच भाऊ होता त्याला,” ती म्हणाली. “मागच्या वर्षी गेला. असाच. बस पकडायला धावला आणि पडला.”

डॉक्टरांनी समोरच्या नोंदवहीकडे पाहिलं. वही मागच्या टोकाकडून उघडली असती तर हे घर तिसरं आलं असतं.

“त्याला मूलबाळ?” त्यांनी कसंबसं विचारलं.

“एक मुलगी आहे. तीन वर्षांची.”

“तिला लगेच तपासून घ्या. आजच्या आज.”

“तुमच्याकडे आणू?” तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता, आणि तेच सोसवेना.

“नको. माझ्याकडे नको.”

त्यांनी लहान मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरांचा नंबर सांगितला. मग सावकाश, एकेक आकडा सुटा करून, पुन्हा सांगितला. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की पलीकडे फोन केव्हाच ठेवलेला होता. त्यांनी परत लावला. बराच वेळ वाजला, पण कोणी उचलला नाही.