दातांच्या दोन डब्या

डॉक्टरीणबाईंनी टेबलावर प्लास्टिकचा जबडा ठेवला आणि म्हणाल्या, "मावशी, तुमच्यापुढे चार पर्याय आहेत."

मला मावशी म्हटलेलं मुळीच आवडत नाही. सगळी हयात शाळेत भूगोल शिकवण्यात गेली, अख्खं नगर मला बाई म्हणतं, आणि ही कालची पोरगी मला मावशी करून टाकते. एरवी मी तिथल्या तिथे सुनावलं असतं. पण वरचे पुढचे दात नसले की भांडता येत नाही. शब्दाच्या आधी हवाच बाहेर येते आणि आपलाच राग आपल्याला हास्यास्पद वाटायला लागतो. म्हणून मी गुपचूप मान हलवली.

दात काही एका दिवसात गेले नाहीत. हिरड्यांचं दुखणं जुनंच. दाढा गेल्या तेव्हा ताई होती. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तीही शिक्षिका, तीही बिनलग्नाची. आम्ही दोघी एकाच घरात म्हाताऱ्या झालो. ती गेली आणि मग माझे पुढचे दात हलायला लागले. पहिला पडला तो बाजरीची भाकरी चावताना. मी तो ताटाच्या कडेला ठेवला, उरलेली भाकरी आमटीत कुस्करली आणि जेवण संपवलं. पूर्वी असं काही झालं असतं तर मी ओरडले असते, "ताई, हे बघ काय झालं." आता सांगणार कुणाला? दात धुऊन कागदात गुंडाळला आणि नुसती बसून राहिले.

पुढे पुढे मी तोंडावर रुमाल धरायला लागले. चर्चमध्ये लोकांना वाटलं, बहिणीचं दुःख अजून ओसरलं नाही. पाळकांच्या पत्नीने एकदा माझ्या खांद्यावर हात ठेवून डोळे मिटले. रविवारी बायबलमधला शास्त्रपाठ वाचायची माझी पाळी असायची, ती मी सोडली. का सोडली, हे कुणी विचारलं नाही. वाईट त्याचंच जास्त वाटलं.

तर ते चार पर्याय. पहिला इम्प्लांट. हाडात स्क्रू बसवायचे, काही महिने जखम भरू द्यायची, मग त्यावर दात चढवायचे. काढघाल नाही, कायमचं काम. दुसरा ब्रिज. मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात घासून त्यांच्यावर टोप्या घालायच्या आणि मधले खोटे दात त्यांच्या आधाराने उभे करायचे. तिसरा, थोडेच स्क्रू बसवून त्यांवर बटणासारखी खटकन बसणारी कवळी. आणि चौथा, साधी कवळी. सकाळी घालायची, रात्री काढून पाण्यात ठेवायची.

"कोणी सोबत आहे का तुमच्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "इम्प्लांट करायचं ठरलं तर त्या दिवशी घरचं कोणीतरी लागेल."

मी म्हटलं, "बघते." कुणाला बघणार होते देव जाणे. पुण्यात एक चुलतभाऊ आहे, नाताळला फोन करतो.

बाहेर येऊन रिक्षात बसले. पैशांची अडचण नव्हती, पेन्शन आहे आणि खर्च करायला माणसं नाहीत. माझा जीव अडकला होता भलत्याच गोष्टीत, आणि ती त्या पोरीला विचारायचं धाडस मला झालं नाही.

गोष्ट ताईची आहे. ताई पाथर्डी तालुक्यात, तिसगावला नोकरीला होती, तेव्हाच तिचे वरचे दात गेले. तिने कवळी करून घेतली ती पुण्याला जाऊन, म्हणजे नगरमध्ये कुणाला कळायला नको. रात्री ती दिवा घालवायची, मग माझ्याकडे पाठ करून कवळी डबीत ठेवायची. सकाळी मी उठायच्या आत ती तोंडात. इतकी वर्षं एका खोलीत झोपून मी माझ्या बहिणीचं बोळकं पाहिलं नव्हतं. मी एकदा चेष्टेने म्हटलं, "मला तरी दाखव." तर दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. अशी होती.

शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात तिच्या घशात नळी घातली. त्याआधी नर्सने कवळी काढली आणि चष्मा, घड्याळ यांच्यासोबत प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिली. मी ती पर्समध्ये टाकली. ताई त्यातून परत आली नाही. घरी आणल्यावर चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी तिला आंघोळ घातली, पांढरी साडी नेसवली. मी बाहेर लोकांना फोन करत होते, कबरीच्या जागेचं बघत होते. आत गेले तेव्हा तिला पेटीत ठेवलेलं होतं. हनुवटी पट्टीने बांधलेली, आणि ओठ आत ओढले गेलेले. ती ताई दिसतच नव्हती. कुणीतरी अनोळखी, फार फार म्हातारी बाई दिसत होती.

चर्चमध्ये पेटी उघडी ठेवतात, शेवटचं दर्शन म्हणून. एकेक जण येत होता, वाकून बघत होता. मी पहिल्या बाकावर, मांडीवर पर्स, पर्समध्ये ताईचे दात. म्हणणार काय? थांबा, ताईचे दात घालायचे राहिलेत? जे तिने जन्मभर माझ्यापासूनसुद्धा लपवलं, ते मी सगळ्या मंडळीदेखत सांगू? नाही सांगितलं तरी काय, सगळे बघतच होते. माझ्या मागच्या बाकावरची एक बाई हळूच म्हणाली, "किती वेगळ्या दिसतात ना." मग झाकण लागलं. मला रडूही आलं नाही. मी दोन्ही हातांनी पर्स धरून बसले होते.

तेव्हापासून मनात एवढंच आहे. मी गेले की लोकांनी मला तसं पाहायचं नाही. आणि माझ्या वेळी तर पर्समध्ये कवळी घेऊन बसणारंही कुणी असणार नाही.

पुढच्या खेपेला एक्स-रे झाला, रक्त तपासलं. मी ठरवूनच गेले होते. डॉक्टरीणबाई पुन्हा तो जबडा पुढे ओढणार तेवढ्यात मी म्हटलं, "एक विचारते. यातलं कुठलं मेल्यावर तोंडात राहतं?"

तिने जबड्यावरचा हात काढला. म्हणाली, "सगळे विचारतात, चावता येईल का, दुखेल का. हे अजून कुणी विचारलं नव्हतं."

"आता मी विचारलं."

पोरगी शहाणी होती. हसली नाही. म्हणाली, "इम्प्लांट राहतो. ब्रिज राहतो. कवळी, बटणाची असो की साधी, रात्री काढावीच लागते. दवाखान्यातही काढतात. मग ती घरच्यांनी आठवणीने घालायची."

घरच्यांनी. मी म्हटलं, "मग मला इम्प्लांटच करा."

तिने एक्स-रे उजेडासमोर धरला. वरचं हाड पार विरलंय, साखर वाढलेली आहे, स्क्रू धरणार नाही, म्हणाली. हाड भरायचं ऑपरेशन करता येतं, पण या साखरेवर ते करावं असं ती सांगणार नव्हती. बटणाच्या कवळीलाही हाड लागतंच. आणि ब्रिजला आजूबाजूचे दात घट्ट हवेत, माझे राहिलेले चारदोन तर बोटाने हलत होते, ते काढावेच लागणार होते. एकेक करत तिने तिन्ही पर्याय बाजूला ठेवले. उरली कवळी. मला त्या खुर्चीत एवढा राग आला, एवढा राग आला, की डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं मी घाबरले. तिने पाण्याचा पेला पुढे केला. मी प्यायले. दुसरं काय करणार?

कवळी झाली. पहिले दिवस म्हणजे तोंडात कुणाची तरी चप्पल ठेवल्यासारखं. 'स' म्हणायला जावं तर शिट्टी वाजायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाई, घरच्यांशी बोलत राहा. वर्तमानपत्र मोठ्याने वाचा. जीभ शिकते हळूहळू." तोवर तिने मला बाई म्हणायला सुरुवात केली होती, हे मात्र मानलं पाहिजे.

घरच्यांशी बोलायचा प्रश्नच नव्हता, म्हणून वर्तमानपत्र. सकाळी पुढच्या खोलीत बसून मी खड्या आवाजात वाचायला लागले. सभा, अपघात, बिबट्या दिसला, शेवटी बाजारभाव. किती तरी महिन्यांनी त्या घरात कुणाचा आवाज होत होता, आणि तो माझाच होता. समोर ताईची खुर्ची. मधेच थांबलं की घर इतकं गप्प व्हायचं की पुढची ओळ वाचायला घाई करावीशी वाटायची.

आता शेजारणीचं सांगते. बाजूच्या घरात भाड्याने राहते. माहेर मिरजगावकडचं, नवरा टेम्पोतून कांदा आणि भाजीपाला नेतो. माझ्या अंगणात कढीपत्त्याचं झाड आहे. ही रोज सकाळी फाटक उघडून यायची, न विचारता फांदी ओरबाडायची आणि चालू पडायची. मी कितीदा रागावले. तर म्हणायची, "बाई, तोडलं की झाड अजून फुटतंय." ते खरं आहे, पण मी कशाला कबूल करू?

त्या सकाळी ती कढीपत्ता हातात घेऊन दाराशी थांबली. "बाई, पाव्हनं आलंय का कुनी?"

"कुणी नाही. मी वाचतेय."

"एकट्याच? येवढ्या मोठ्यानं?" मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "दात बसवलं व्हय. छान दिसत्यात." आणि सरळ पायरीवर बसली. "कांद्याचं काय म्हनतंय ते वाचा की. आमचे हे सकाळीच गेलेत माल घिऊन."

मी वाचलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बसली. नगरचा भाव, घोडेगावचा भाव, शिट्टी वाजली तर ती हसायची आणि मीही हसायचे. बोलायचं एवढंच असायचं, कांदा नि कढीपत्ता. पण सकाळी जाग आली की आता ती यायची आहे, हे आठवायचं. हे सांगायला मला लाज वाटते, पण तसंच होतं.

एके दिवशी भाव वाचून झाले आणि मी पेपर खाली ठेवला. "माझं एक काम करशील?"

"सांगा की."

"मी मेले ना—"

"बाई, असं काय बोलताय सकाळच्या पारी."

"मध्ये बोलू नकोस," मी वर्गातल्या आवाजात म्हटलं. "मी मेले की माझी कवळी माझ्या तोंडात घालायची. हनुवटी बांधायच्या आधी. कोणी काही म्हणालं तरी ऐकायचं नाही. रात्री गेले तर ती डबीत असेल."

मला वाटलं, ती आता डोळे पुसेल, नाही तर विषय बदलेल. तिने विचारलं, "कुटं आसती डबी?"

मी तिला आत बेसिनपाशी नेलं. फळीवर दोन डब्या होत्या. तिने हात घातला तो जुन्या पांढऱ्या डबीला.

"ती नाही. निळी माझी. ती ताईची."

"मोठ्या बाईंची?" ती डबी हातात घेऊन उभी राहिली. ताईला ती ओळखत होती, त्या दिवशी चर्चमध्येही आली होती. "म्हंजी त्यांची हितंच ऱ्हायली?"

मग मी सांगितलं. नळी, नर्स, पर्स, पहिला बाक, मागची बाई. कुणाला म्हणून बोलले नव्हते, ते त्या बेसिनपाशी उभ्याने सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि पदराच्या टोकाने डबीवरची धूळ पुसत होती. पुसून झाल्यावर तिने डबी माझ्या डबीला खेटून ठेवली.

"मंग ही बी ठिवते तुमच्यासंगं पेटीत," ती म्हणाली. "तुमी दिऊन टाका मोठ्या बाईंला."

तेव्हा मला रडू फुटलं. ताईच्या पेटीशी न आलेलं सगळं आलं. रडताना कवळी सुटते, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नव्हतं. मी तोंडावर हात धरला, सवयीने. ती म्हणाली, "भाजी लागंल माझी," आणि गेली. कढीपत्ता तिथेच विसरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बेसिनपाशी होते, कवळी अजून डबीत. फाटक वाजलं. आणि आजवर कधी हाक न मारणारी ती अंगणातून म्हणाली, "बाई, हाय का?"

मी घाईने निळी डबी उघडायला गेले. झाकण घट्ट बसलं होतं.

"बाई?" या वेळी आवाज घाबरा होता. पावलं दाराकडे येत होती.

मी डबी तशीच ठेवली आणि बोळक्या तोंडाने म्हटलं, "आहे गं, आहे." निम्मी हवाच बाहेर आली.

"बरं," ती म्हणाली. मग फांदी मोडल्याचा आवाज आला. मी निळी डबी पुन्हा उघडायला घेतली.