तिला बूट घालून खांबावर चढवलं

अन्याय तिच्यावर झाला. १९८८ साली, जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी, दुपारी चारच्या सुमारास, जळगावच्या एका शाळेच्या मैदानावर, भरगच्च गर्दीच्या डोळ्यांदेखत. ती सोळा वर्षांची होती आणि धुळ्याच्या आमच्या व्यायामशाळेत मल्लखांबावर तिच्याइतकी तयार मुलगी दुसरी नव्हती. त्या दिवशी ती मल्लखांबावरून पडली, एवढंच लोकांना ठाऊक आहे. मी म्हणते, तिला पाडलं. कसं पाडलं ते सांगते, कारण मी तिथं होते. तिच्यानंतर माझाच नंबर होता.

तिचं नाव लिहीत नाही. तिच्या सासरी तिच्या हाताची वेगळीच गोष्ट सांगितलेली आहे, ती पुढं येईल. नाव लपवायची पाळी तिच्यावर आली आहे, आणि ज्यांनी पाडलं त्यांचं नाव व्यायामशाळेच्या दारावर संगमरवरी फरशीत कोरलेलं आहे. ते मात्र मी मुद्दामच लिहीत नाही. फुकटची प्रसिद्धी कशाला?

मुलींचा वर्ग पहाटे भरायचा, मुलांचा संध्याकाळी. आम्ही सात-आठ जणी. आत शिरलं की दाराला आतून कडी, आणि मग अंगावर हाफपँट आणि बिनबाह्यांचं पोलकं. चपला दाराबाहेर. शिकवणाऱ्या सरांचा पहिला नियम चपलांचा, दुसरा बांगड्यांचा, तिसरा नखांचा. अंगठी, पैंजण, गळ्यातला काळा दोरा, सगळं काढून कोनाड्यात. एकदा थंडीत एकीनं मोजे ठेवले पायात. सरांनी तिला खाली बसवलं, स्वतः मोजे ओढून काढले आणि खिडकीतून बाहेर भिरकावले. "खांबाला तळवे लागले पाहिजेत, कापड नाही. मरायचंय का?" असं ओरडले. हे मी आवर्जून लिहून ठेवते. सरांना सगळं माहीत होतं.

खांबाला एरंडेल चोळलेलं असायचं. नवी मुलगी आली की विचारायचीच, तेल लावल्यावर माणूस घसरत कसा नाही? उघडी कातडी त्या तेलात दाबून धरली की बसते, चिकटते. कापड तेल पितं आणि सरकतं. हे कुठल्या पुस्तकात आहे की नाही मला माहीत नाही. मी ते माझ्या मांड्यांवर शिकले. अढी म्हणजे खांबावर डोकं खाली करून नुसत्या मांड्यांच्या पकडीनं लोंबकळायचं, हात मोकळे. पहिल्या महिन्यात मांड्यांची आतली बाजू लाल व्हायची, मग जांभळी, मग पिकल्या लिंबासारखी पिवळी. बगली, म्हणजे काखेत खांब धरायची पकड, शिकायला लागलं की काखांचं तेच. सर रोज विचारायचे, कुठं काळं-निळं झालंय? त्या बाजूनं आज नाही, दुसऱ्या बाजूनं कर. सोललं असेल तर खांबच नाही, नुसत्या बैठका. नवी उडी आधी कमरेइतक्या उंचीवर, दोन बाजूंना दोघी उभ्या, ती पक्की झाली की वर. आणि रोज पहाटे, कोणीही खांबाला हात लावण्याआधी, खालच्या हौदातली माती कुदळीनं खणून भुसभुशीत करायची. त्याला कंटाळलं की सर म्हणायचे, "खणू नका. दात मोजायला घरी डबी ठेवा."

तिच्या आईला या सगळ्याचा पत्ता उशिरा लागला. आई शिंदखेड्याकडची, घरात अहिराणीच. एक दिवस पोरीच्या मांड्यांवरचे डाग तिनं पाहिले आणि मी तिथंच बसलेली असताना कालवा सुरू केला.

"हाई काय शे? कोनी मारं तुले?"

"खांबनी मारं," ती म्हणाली.

"मंग त्या खांबसंगेच लगीन लाव! दुसरा कोन करी तुन्हासंगे?"

आणि असं बोलत बोलत, शिव्या घालत घालत, हळद गरम करून तिच्या मांड्यांना त्या माउलीनंच लावली. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला हाक मारून उठवलंही तिनंच.

जळगावच्या एका व्यायामशाळेचा वार्षिक समारंभ होता, आम्हाला प्रात्यक्षिकांसाठी बोलावणं आलं. मुलींना पहिल्यांदाच बाहेर नेणार होते. पारोळा, एरंडोल करत एस. टी. निघाली तेव्हा आम्ही नुसत्या उधळलो होतो. मुलांमधला सगळ्यात तयार होता तो तिच्या मागच्याच बाकावर, सर्दीनं बेजार.

"ए, वर जाऊन झोपू नकोस. आम्हालाही चढायचंय."

"तू चढ. पण आधी नाक पूस, खांबावर एरंडेल पुरेसं आहे."

अख्खी गाडी हसली. सरही हसले.

मैदानाच्या कमानीला केळीचे घड लटकवलेले, पाहुण्यांना चादरी टाकलेले कोच. आमची मुलं आधी गेली, चड्डीवर, उघड्या अंगानं. त्यांच्या उघड्या अंगानं कोणाच्या अब्रूला धक्का लागला नाही. मग आम्हा मुलींना मंचामागच्या वर्गात बोलावलं. तिथं नाना बसले होते. नाना म्हणजे आमच्या व्यायामशाळेचे अध्यक्ष, कापसाचे व्यापारी. पुढ्यात कपड्यांचं गाठोडं. पांढऱ्या फुलपँटी, पूर्ण बाह्यांचे शर्ट, आणि कॅनव्हासचे कोरे बूट, आत कागदाचे बोळेसुद्धा तसेच.

"घाला गं पोरींनो. चार लोकांसमोर जायचंय. धुळ्याच्या अब्रूचा प्रश्न आहे."

ती म्हणाली, "नाना, यात मांडी धरत नाही. कापड सरकतं."

"मग मांडीचं काही करू नको. वर जा, नमस्कार कर, खाली ये. पोरगी वर चढली हेच लोकांना पुष्कळ."

"बूट तरी राहू द्या."

"आणि पाहुण्यांना काय काळे तळवे दाखवणार?"

तिनं सरांकडं पाहिलं. सर पिशवीत वाकून एरंडेलाची बाटली शोधत होते. बाटली त्यांच्या हातातच होती.

"सर?"

"जमेल तेवढं कर," सर पिशवीतच बोलले.

मोजे खिडकीतून भिरकावणारा तो हाच माणूस.

पुढं जे झालं त्याबद्दल धुळ्यात नंतर उठवलं की पोरीनं जास्त शहाणपणा केला, वर जाऊन काहीतरी भलतंच करायला गेली. साफ खोटं. तिनं नानांनी सांगितलं तेवढंच केलं. दोनदा घसरली, तिसऱ्यांदा नुसत्या हातांच्या जोरावर वर गेली, टोकावर बसली, नमस्कार केला. टाळ्या पडल्या. आता खाली यायचं. वरून खाली यायलाही मांड्या आणि तळवेच लागतात, हे कोचावर बसणाऱ्याला कोण सांगणार? ती वळली, पाय खांबाला आवळले, आणि ते पांढरं कापड तेलावरून सर्रकन सुटलं. बुटांचे तळ खांबावर नुसते फिरले. ती आडवी आली, डाव्या कोपरावर.

हौद होता खाली. पण पाहुण्यांच्या अंगावर धूळ उडू नये म्हणून सकाळी त्यावर पाणी मारून, चोपून, सारवल्यासारखा गुळगुळीत केलेला होता. वरून रांगोळीही. मी मंचाच्या कडेनं बघत होते, तिच्या कोपराचा आवाज मला तिथवर ऐकू आला.

मैदानात एवढी माणसं होती. त्यांतल्या निम्म्यांनी आयुष्यात कधी ना कधी तालमीची माती अंगाला लावलेली. एरंडेलाच्या खांबावर बूट घातलेली पोरगी चढते आहे, हे त्यांनी पाहिलं आणि कोणी उठलं नाही. तिला उचलायलाही आधी धावला तो सर्दीवाला मुलगाच. आणि आम्ही तिला उचलत असतानाच नानांनी माईक घेतला.

"मुलींची पकड ती केवढी! खांब हा मर्दाचा खेळ. मुलींसाठी दोरीचा मल्लखांब आहे. घाबरू नका, किरकोळ मार आहे."

किरकोळ! हाताला प्लास्टर घातलं. प्लास्टर निघालं तेव्हा कोपर सरळ व्हायचा बंद झाला होता, तो आजतागायत.

जळगावहून परतल्यावर पहाटे आम्ही व्यायामशाळेच्या दाराशी गेलो तर कुलूप. हौद दुरुस्तीला काढलाय म्हणाले. संध्याकाळी मुलं त्याच हौदात उड्या मारत होती.

तिच्या घरी वेगळीच घाई. सोळा संपत आलेली पोर, हात वाकडा. खांबावरून पडली म्हटलं की पुढचा प्रश्न, खांबावर कशाला गेली होती, कोणासमोर, कोणत्या कपड्यात? म्हणून आईनं ठरवून टाकलं, मोरीत पाय घसरला. शेजारीपाजारी हेच सांगायचं. हळद लावणाऱ्या, पहाटे उठवणाऱ्या त्याच आईनं. मला तिचा राग येतो आणि येतही नाही. पण या मोरीनं नानांचं काम सोपं केलं. महिन्याभरात जळगावचं कोणी बोलेनासं झालं.

ती बोलायची. माझ्यापाशी एकच बोलायची, "मला परत चढायचंय. आणि मी कशानं पडले ते त्यांनी तोंडानं म्हणायचं."

हात गळ्यातल्या झोळीतून सुटल्यावर एका संध्याकाळी ती, मी आणि आणखी दोघी मुलांच्या वेळेला आत शिरलो. तिच्या पिशवीत तीच फुलपँट होती आणि तेच बूट. नाना खुर्चीवर, सर शेजारी उभे, मुलं खांबाभोवती.

"नाना," ती म्हणाली, "मुलींना पकड नसते म्हणालात. मग हे घालून एखादा मुलगा चढवून दाखवा."

मुलं फिदीफिदी हसली. कोणी म्हणालं, "मला साडी दे, साडी!" तेवढ्यात तो सर्दीवाला पुढं आला.

"आण इकडं."

पँट त्याला घोट्याच्या वर आली, बुटात पाय कसाबसा कोंबला. तो जिल्ह्यात पहिला आलेला मुलगा. अर्ध्यावर गेला आणि सरळ खाली. पुन्हा गेला, पुन्हा खाली. तिसऱ्यांदा दात-ओठ खाऊन टोकापर्यंत पोचला, अढी घातली आणि डोक्याकडून असा सुटला की हनुवटी सोलून मातीत पालथा.

कोणी हसेना. मला वाटलं, झालं. जिंकलो. शाळकरी अक्कल!

नाना मांडीवर थाप मारून हसले. "बघा, बघा! पोरगा आपटला तरी कसा टुणकन उठला! पोरींनी भोकाड पसरलं असतं."

मग सगळे हसले. तो हनुवटीचं रक्त पुसत म्हणाला, "नाना, मला माती मऊ होती."

"तू गप रे. जा, पाय धू."

ती नानांशी बोललीच नाही मग. सरांसमोर जाऊन उभी राहिली. "सर, मला खांब नका देऊ. फक्त एवढं सांगा, मी कशानं पडले?"

सरांनी तिच्या वाकड्या कोपराकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं, नानांकडं पाहिलं. "झालं गेलं सोड, बाळ," म्हणाले, आणि व्यायामाचे लाकडी मुद्गल रचायला लागले. ते आधीच रचलेले होते.

नानांनी जाताना सांगितलं, तुमच्यासाठी दोरी आणतो. दोरीचा मल्लखांब काही हलका खेळ नाही, मी तो नंतर दुसरीकडं शिकले, हाताची सालं काढतो. पण ती दोरी शिकवायला नव्हतीच, तोंड बंद करायला होती, आणि तीसुद्धा आली नाही. मुलींची पहाटेची वेळ आजही बंद आहे. सर निवृत्त झाले, त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. या सगळ्या मजकुराचं पत्रक काढून मी एकदा व्यायामशाळेच्या दाराशी वाटायला उभी राहिले होते. लोकांनी हातात घेतलं, पहिली ओळ वाचली, म्हणाले, "अगं, ती मोरीत पडली होती ना?"

ती जामनेरला दिली. मागच्या वर्षी गेले होते भेटायला. वरच्या फळीवरचा डबा ती उजव्या हातानंच काढते, पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. मी म्हटलं, लिहू का? म्हणाली, लिही. हाताचं रडगाणं लिहू नकोस. पुढच्या पोरीला बूट घालतील ते थांबव.

आणि घालतात. गेल्या हिवाळ्यात साक्रीच्या बाजूला एका शाळेच्या संमेलनात मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पांढरी फुलपँट, पांढरे बूट, चोपलेली माती, मातीवर रांगोळी. मी ओरडले तेव्हा मुलगी खांबापाशी पोचली होती, आणि माझ्या शेजारचे काका मला म्हणाले, "ताई, खाली बसा, मागच्यांना दिसत नाही."

तर आता तुम्हाला सांगते. हे वाचणाऱ्या तुम्हालाच, पदाधिकाऱ्यांना नाही. त्यांना सांगून झालं. या हिवाळ्यात तुमच्या गावच्या शाळेचं संमेलन असेल, तुम्ही जाल, पुढं बसाल. मल्लखांबापाशी बूट आणि फुलपँट घातलेली मुलगी आली की उठा. माईकवर कोण आहे ते बघू नका. मैदानात जा, मातीवर टाच मारून ती खणलेली आहे का ते बघा, नसेल तर कुदळ मागा. मुलीला म्हणा, जा बाळ, बूट काढ, रोजच्या सरावाच्या कपड्यात ये, आम्ही थांबतो. ज्याला बघवत नसेल त्याला घरी जायला सांगा. आणि ती वर जाऊन धडधाकट खाली उतरेपर्यंत तिथून हलू नका.