विश्वविजेता ऊर्फ गोणपाट

तबेल्यात तिला सगळे आत्या म्हणत. खरी आत्या ती एकाच पोरीची, पण ती पोर लहानपणापासून तबेल्यात "आत्या, आत्या" करत हिंडली आणि तो शब्द सर्दीसारखा सगळ्यांना लागला. नालबंद आत्या म्हणे, पशुवैद्य आत्या म्हणत, आणि वयाने तिच्याहून मोठे असलेले मालकसुद्धा आत्याच म्हणत. फक्त राग आला की ते "अहो बाई" म्हणत. वर्षातले बरेच दिवस ती अहो बाईच असे.

तिची कामं तीन. घोड्यांना सकाळ-संध्याकाळ चंदी घालायची, खोगिरांची उसवलेली शिवण पुन्हा घालायची आणि स्पर्धेत उतरणाऱ्या घोड्याचं नाव ठेवायचं. माणसांना नावं ठेवणं हे चौथं, पण ते ती हौसेने करी.

काठ्यांवरून उड्या मारायच्या स्पर्धेतल्या घोड्याला दोन नावं लागतात. एक घरचं, हाक मारायचं. दुसरं मैदानातलं, कर्ण्यावरून पुकारायचं. हे दुसरं नाव एकदा मैदानात पुकारलं गेलं की बदलत नाही, असा स्पर्धावाल्यांचा नियम. तेव्हा ते ठेवताना डोकं ठिकाणावर हवं, आणि आत्याच्या मते तबेल्यात तसं डोकं एकच होतं.

तिची नाव पारखायची रीतही न्यारी. नाव ती हरवून बघे. कुणी नाव सुचवलं की बादली उपडी करून तिच्यावर उभी राही, तोंडाभोवती हात धरी आणि भर अंगणात ओरडे, "अमुक तमुक तिसऱ्या उडीला अडला. अमुक तमुक शेवटून पहिला." ऐकून लोक फिदीफिदी हसले की नाव बाद. ती म्हणे, जिंकल्यावर काय, कुठलंही नाव शोभतं, नाव असं हवं की हरल्यावर मान वर करून घरी येता आलं पाहिजे. म्हणून तिच्या घोड्यांची नावं सावकाश, बघू या, घाई नाही अशी असत. 'घाई नाही' शेवटी आली तर कोण काय बोलणार? एक घोडी येणाऱ्याजाणाऱ्याला चावत असे, तिचं नाव मनमिळाऊ. पंच तिच्या जवळ जायचे ते नावाच्या भरवशावर, आणि परत यायचे ते दंड चोळत.

तिचा दुसरा नियम मात्र थट्टेचा नव्हता. मैदानातलं नाव तबेल्यात उच्चारायचं नाही. कारण चंदी घालताना ती प्रत्येक जनावराला घरच्या नावाने हाक मारी, आणि स्पर्धेच्या दिवशी कर्ण्यावर बोलणारीही तीच. तिच्याइतका खणखणीत आवाज दुसऱ्या कुणाचा नव्हता. जनावराच्या डोक्यात हिशेब सरळ, हा आवाज आला आणि माझं नाव आलं की मागून बादली येते. मैदानात तीच हाक आली तर कोण शहाणा उड्या मारत बसेल? कुणी चुकून मैदानातलं नाव तबेल्यात बोललं की आत्या त्याच्या हातात फावडं देई आणि लिदीच्या ढिगाकडे बोट दाखवी.

या सगळ्या जनावरांत तिचा जीव एकातच अडकला होता. गोणपाट त्याचं नाव. त्याची आई त्याला जन्म देऊन गेली, तेव्हा आत्याने त्याला गोणपाटात गुंडाळला, बाटलीने दूध पाजलं आणि नाव शोधायला वेळ नव्हता म्हणून जे हाताशी होतं तेच ठेवलं. आता तो उंचापुरा, दृष्ट लागावी असा झाला होता, उडी अशी मारी की काठीला वाराही लागू नये. पण बाटलीची सवय काही सुटली नव्हती. आत्या दिसली की तो येऊन तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवी आणि सगळा भार टाकी. आत्या त्याला शिव्या देई आणि हलत नसे.

त्याच्या पहिल्या स्पर्धेच्या आधी मालक अंगणात आले आणि म्हणाले, या वेळी नाव आपण ठेवलंय. विश्वविजेता.

आत्याने मुकाट्याने बादली उपडी केली, वर चढली आणि ओरडली, "विश्वविजेता दुसऱ्याच उडीला अडला. विश्वविजेता पाण्याच्या खड्ड्यात बसला."

नालबंदाच्या ओठांत खिळे धरलेले होते. हसू आवरेना म्हणून त्याला ते थुंकावे लागले.

"अहो बाई, खाली उतरा," मालक म्हणाले. "गिऱ्हाईक येतंय बघायला. गोणपाट नावाचं जनावर कोण घेईल?"

गोणपाट विकायचा आहे हे तिला असं कळलं. तबेल्यात गर्दी झाली होती, एक जनावर काढणं भाग होतं, आणि मागणी होती ती याला. आत्या बादलीवरून उतरली. नाव छान आहे, म्हणाली. तिला ओळखणाऱ्याने तेवढ्यावरच सावध व्हायला हवं होतं, पण मालकांना वाटलं, चला, बाईला पटलं.

दुसऱ्या दिवसापासून गोणपाटाची चंदी बदलली नाही, हाक बदलली. घुगऱ्यांची बादली घेऊन आत्या त्याच्या दाराशी जाई, तेल ओतायचं नरसाळं उलटं धरून तोंडाला लावी म्हणजे आवाज थेट कर्ण्यासारखा येई, आणि पुकारी, "विश्वविजेता!" आधी तो नुसता बघत राहिला. मग कान टवकारू लागला. पुढे पुढे तर 'विश्व' ऐकताच दाराची फळी छातीने ढकलू लागला.

पुतणी, म्हणजे आत्याला हक्काने आत्या म्हणणारी ती पोर, आता मोठी होऊन तबेल्याची घोडेस्वार झाली होती आणि गोणपाटावर बसणारीही तीच होती. तिने विचारलं, हे नरसाळं कशाला? आत्या म्हणाली, थोरामोठ्यांच्या नावाची सवय नको का व्हायला त्याला? पुतणीने भुवया वर केल्या, पण तिला सराव होता, ती गेली. मालकांनी ऐकलं तेव्हा तर त्यांना गहिवरूनच आलं. इतक्या वर्षांत आपण ठेवलेलं नाव कुणी इतक्या प्रेमाने घेतलं नव्हतं. तेही रोज फेरी मारताना खिशातून गाजर काढून "विश्वविजेता" म्हणू लागले. नियम आत्यानेच मोडला होता, तेव्हा मालक म्हणतात म्हणून नालबंदही गाजर देत तेच म्हणू लागला, पशुवैद्य म्हणू लागले. आत्या ताकास तूर लागू देत नव्हती. सगळा तबेला आपलं काम फुकटात करतोय म्हणून मनातल्या मनात खूश होती.

स्पर्धेचा दिवस आला. गिऱ्हाईक म्हणजे दातांच्या एक डॉक्टरीणबाई, बोलायच्या कमी आणि बघायच्या जास्त. बरोबर त्यांची मुलगी, दातांना तार लावलेली, कुंपणाच्या सगळ्यात खालच्या फळीवर उभी. पुतणी नवा कोट घालून गोणपाटावर बसली होती. पंचांच्या शेजारी, फुलदाणी ठेवलेल्या टेबलाशी, आत्या माईक घेऊन बसली होती आणि चेहरा असा, जणू तोंडात बोट घातलं तर चावता यायचं नाही.

"आता मैदानात येत आहे," ती म्हणाली, "विश्वविजेता!"

गोणपाटाचे कान उभे राहिले. पुतणीने लगाम खेचला, टाच मारली, काय काय केलं. तो पहिल्या उडीला वळसा घालून, दुसरीच्या कडेने, ऐटीत चालत सरळ टेबलापाशी आला आणि आत्याच्या खांद्यावर त्याने हनुवटी टेकवली. बादली दिसेना, म्हणून फुलदाणीतली फुलं खाल्ली. पंचांनी फुलदाणी ओढली तोवर आत देठ तेवढे उरले होते. लोक पोट धरून हसत होते. मालकांचा चेहरा मात्र त्यांनी खिशात आणलेल्या गाजरासारखा झाला होता.

पुतणी खोगिरावरून खाली वाकली. "आत्या," ती हळूच म्हणाली, "हे तू केलंस."

आत्याने खांद्यावर सांडलेल्या पाकळ्या झटकल्या.

पंचांनी घोडा बाद केला. आत्याला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. ती गोणपाटाला घेऊन कुंपणापाशी गेली आणि डॉक्टरीणबाईंना पडेल आवाजात सांगू लागली, की जनावर तसं वाईट नाही, पण हट्टी, मनाला येईल तेच करणार. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "नाव घेतलं की येतो का?"

आत्या काही बोलण्याआधी ती मुलगी कुंपणावरून उतरून चार पावलं मागे गेली आणि तारेतून जमेल तसं म्हणाली, "विश्वविजेता."

आत्याच्या खांद्यावरचा भार उतरला. गोणपाट गेला. त्याला मालकांनी या नावाने गाजर दिलं होतं, नालबंदाने दिलं होतं, पशुवैद्यांनी दिलं होतं. हे नाव कुणाच्याही तोंडून आलं तरी खायला मिळतं, हे आत्यानेच त्याला शिकवलं होतं. मुलीच्या हातात काही नव्हतं. त्याने तिचा रिकामा हात हुंगला आणि तिथेच उभा राहिला.

डॉक्टरीणबाई मालकांना म्हणाल्या, "हिला उंच उड्यांची भीती वाटते. जिंकणारा नको होता मला. हाकेला येणारा हवा होता."

संध्याकाळी गोणपाट गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, आत्याने स्वतःलाच सुनावलं, पण त्याने काही बरं वाटलं नाही. सवयीने तिने त्याची बादली भरली आणि मग ती घेऊन कुठे जावं तेच तिला कळेना. तिला फार वाईट वाटलं. ती खोगिरांच्या खोलीत गेली आणि जिथे शिवण उसवली नव्हती तिथेही शिवत बसली.

पुतणी तिच्याशी बोलत नव्हती. बोलली ती बऱ्याच दिवसांनी, दारात उभी राहून.

"मला सांगायचंस ना. सगळ्या काठ्या पाडल्या असत्या मी. वाईट उडी मारायला मलाही येतं."

"तुझा नवा कोट होता," आत्या म्हणाली.

"कोट धुता येतो, आत्या."

आत्याने सुई ठेवली आणि डोळे पुसले. पुतणी आत येऊन शेजारी बसली आणि एक तुटका पट्टा उचलून मदत करू लागली, तीही चुकीच्या बाजूने. आत्याने तो हातातून ओढून घेतला, तेव्हा दोघींना जरा मोकळं वाटलं.

पुढच्या हंगामात त्याच मैदानावर मुलांची स्पर्धा होती. उतरणाऱ्या घोड्यांत विश्वविजेता होता. नाव बदलता येत नव्हतं. त्या दिवशी आत्या लवकर आली, टेबलावरचा कपडा पार जमिनीपर्यंत ओढून घेतला आणि माईकपाशी बसली. नालबंद, पुतणी, मालक, सगळे आपापली कामं सोडून कुंपणापाशी येऊन उभे राहिले. काय होऊ शकतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. वर्षभरात दर हाकेला खायला मिळालं नसेल, तेव्हा परक्याच्या तोंडून हे नाव आलं तर आता कदाचित तो कान हलवून पुढे जाईल, पण या आवाजात, कर्ण्यावरून आलं तर तो येणारच.

फाटकातून तो आत आला. त्याचं अंग चकचकीत होतं, आयाळीला वेणी होती, आणि वर ती मुलगी, ओठ घट्ट मिटलेले, पहिल्या काठीकडे अशी बघत होती जणू काठीच तिला चावणार. आत्याला त्याला हाक मारायची होती. खोटं कशाला सांगा, वर्षभर तिला दुसरं काही नको होतं. एक शब्द पुरे होता आणि तो शब्द उच्चारणं तर तिचं कामच होतं.

"आता मैदानात येत आहे," ती म्हणाली आणि थांबली. "ज्याचं नाव मी घेणार नाही असा एक घोडा."

पंच वळून बघू लागले. आत्याने गळ्याला हात लावून खोकल्याचं नाटक केलं. कुंपणापाशी मालक हसले आणि मग, बाई हाक का गिळतेय ते लक्षात येऊन, नाक शिंकरत बसले.

घोड्याचे कान आवाजाच्या दिशेने एकदा वळले. नाव आलं नाही, तेव्हा ते परत पुढे झाले. मुलीने पहिल्या उडीला डोळे मिटले, दुसरीला एक उघडला आणि पुढच्या उड्यांना दोन्ही उघडे होते. एक काठी पडली. बाकीच्या राहिल्या.

बक्षिसांच्या वेळी पंचांनी आत्याला बजावलं, की आता मात्र नाव घ्यावंच लागेल. आत्याचा घसा एकाएकी बरा झाला. तिने माईक जवळ ओढला.

"विश्वविजेता," तिने पुकारलं, "तिसरा."

लोक हसले. मैदानाच्या मध्यावर उभा असलेला घोडा वळला. मुलीने लगाम खेचला नाही, उलट सैल सोडला. तो ऐटीत चालत टेबलापाशी आला, आत्याच्या खांद्यावर त्याने हनुवटी टेकवली आणि सगळा भार टाकला. पंचांनी फुलदाणी घाईघाईने उचलून छातीशी धरली.

"गोणपाटा, मेल्या," आत्या म्हणाली, आणि माईक चालू असल्यामुळे ते सगळ्या मैदानाने ऐकलं. मग तिने टेबलावरचा कपडा बाजूला केला आणि खालून बादली काढली. घुगऱ्यांनी ती सकाळीच भरून ठेवलेली होती.