न पाहिलेला बांध

मी तो बांध पाहिलाच नव्हता. पाहून आलो असं सांगितलं. आधी ऑफिसला, मग खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मित्राला. ऑफिसात असं खोटं त्या काळात सगळेच सांगत होते, असं म्हणून मी ते बरीच वर्षं झाकून ठेवलं. मित्राला मात्र ते सांगा असं मला कुणी म्हटलं नव्हतं. ते मी माझ्या घराच्या जिन्यात उभं राहून, त्याच्याकडे बघत, आपण होऊन सांगितलं.

पंजाब पेटलेला होता तेव्हाची गोष्ट. मी चंदीगडला एका सल्लागार कंपनीत होतो. नद्यांचे मातीचे बांध, ज्याला तिकडे धुस्सी म्हणतात, ते उंच आणि रुंद करायचं काम निघालं होतं आणि ते नीट होतंय की नाही हे बघणं आमच्याकडे होतं. माझ्या वाट्याला सतलजच्या काठावरचं एक शहर आलं. शहर नदीला इतकं लागून, की बांध फुटला तर पहिली वस्ती पाण्यात. मी कृष्णाकाठचा. पुराचं पाणी घरात शिरलं की भिंतीला किती दिवस वास येतो हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आम्ही भाड्याने राहत होतो ती कोठी, म्हणजे बंगलाच, दोन मजली. वर आम्ही, म्हणजे मी, बायको आणि धाकटी मुलगी. खाली एक शीख कुटुंब. तो सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत उपकरणं जुळवायचं काम करायचा. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला पाजी म्हणायचो. तो मला ‘ओए मराठे’ म्हणायचा. त्याचे आईवडील त्याच शहरात, बांधाच्या अगदी मागच्या वस्तीत राहायचे. त्याची आई, बीजी, एका हिवाळ्यात महिनाभर चंदीगडला येऊन राहिली होती. गुडघ्यांनी पार अधू झालेली. सकाळी तिला दोन बाजूंनी धरून लॉनवर उन्हात आणून बसवायचे, की ती दुपारपर्यंत तिथेच. आमच्या मुलीसाठी तिने लाल स्वेटर विणला. मला बघितलं की म्हणायची, “ए बंबईवाल्या, तुझी बायको तुला भाताचं पाणी पाजते काय? जरा अंगाला मांस लागू दे.” मी मुंबईचा नाही हे मी तिला कितीदा सांगितलं, पण तिच्या लेखी तिकडचं सगळं मुंबईच.

बांध वाढवायच्या कामात एक गोष्ट अशी असते, जी वेळेवर बघितली नाही तर नंतर कधीच दिसत नाही. जुन्या बांधावर नवी माती नुसती ओतून चालत नाही. आधी उतारावरचं गवत खरवडून काढायचं, त्या उतारात पायऱ्या कापायच्या, मग पाणी मारून पातळ थर घालायचे आणि प्रत्येक थरावर रोलर फिरवायचा. तेव्हा कुठे नवी माती जुनीला धरून बसते. पायऱ्या कापल्या की नाही, हे माती पडायच्या आधी जो तिथे हजर असेल त्यालाच कळतं. एकदा माती पडली की बांध वरून गुळगुळीत आणि देखणाच दिसतो.

आणि हजर तर कुणी राहत नव्हतं. अतिरेक्यांनी बसमधून उतरवून हिंदू प्रवासी मारल्याच्या बातम्या पेपरात असायच्या. दुपार कलली की रस्ते ओस पडत. मजूर पळून जात होते, ठेकेदार उरलेल्यांना घेऊन घाईघाईने माती लोटत होता. अशात आमच्याकडे एक पद्धत पडली. साइटवरून मातीची पोती ट्रकने चंदीगडला यायची, आम्ही ती इथे तपासायची आणि ‘प्रत्यक्ष पाहणी केली’ असं लिहून द्यायचं. आमच्या ऑफिसातले एक वयस्क इंजिनीअर हसत म्हणायचे, “पहले साहब साइट पे जाते थे, अब साइट साहब के पास आती है।” आम्हीही हसायचो. पोत्यातली माती चांगली की वाईट, एवढंच आम्हाला कळत होतं. ती कशावर टाकली, ते नाही.

एकदा मात्र मी जायचं ठरवलं होतं. बॅग भरली होती. बायकोने दारात अडवलं.

“अहो, त्या पोत्यांत माती आलीय ना? मग कशाला जाताय?”

“बघायला लागतं.”

“बाकीचे बघतात?”

मी बॅग खाली ठेवली. भीती वाटणं हा गुन्हा नाही, हे मी आजही मानतो. पण त्या संध्याकाळी मी ‘प्रत्यक्ष पाहणी’च्या खाली सही केली.

पावसाळ्याच्या तोंडावर एका संध्याकाळी पाजी जिना चढून वर आला. मी खालीच निघालो होतो, जिन्यातच गाठ पडली.

“ओए मराठे, रविवार को घर जा रहा हूँ। चल मेरे साथ। अपनी धुस्सी भी देख लेना, बीजी के हाथ का खा भी लेना।”

मी चपलेचा पट्टा नीट करायला वाकलो.

“अरे डरता है? मैं साथ हूँ ना। मेरे होते तुझे कोई हाथ नहीं लगाएगा।”

आता जे लिहितो ते लिहायला मला सगळ्यात जड जातं. त्याच्या त्या वाक्याने मला धीर यायला हवा होता. झालं उलटंच. माझ्या मनात आलं, याला एवढी खात्री कशी? त्याच्याकडे अधूनमधून गावाकडचे तरुण नातेवाईक मुक्कामाला यायचे. ते आले की आम्ही संध्याकाळीच दाराला आतून कडी लावायचो आणि हळू आवाजात बोलायचो. त्या मुलांनी आमचं काहीही वाकडं केलं नव्हतं. एकाने तर आमचा गॅसचा सिलिंडर वर आणून दिला होता. तरी कडी लावायचो. नाक्यावर पोलीस पाजीला स्कूटरवरून उतरवून झडती घ्यायचे आणि मला हाताने ‘जा’ म्हणायचे, तेव्हा मी थोडं पुढे जाऊन थांबायचो. हा माझ्याबरोबर आहे, असं मी कधी म्हटलं नाही.

त्याच्याबरोबर जायचं नाही आणि का जायचं नाही तेही सांगायचं नाही, म्हणून मी म्हणालो, “मैं तो हो आया पाजी। पिछले हफ़्ते, ऑफिस की जीप में।”

त्याचा चेहरा उतरला. “और घर नहीं गया? बीजी को पता चला तो मेरी खैर नहीं।”

“वक़्त नहीं मिला।”

“चल, कोई बात नहीं।” मग तो कठड्याला टेकला. “सुन, मैं पूछने ही आया था। बीजी को बरसात में यहाँ ले आऊँ? पानी आया तो बाऊजी छत पे चढ़ जाएंगे, बीजी तो सीढ़ी नहीं चढ़ सकती। पर यहाँ दो कमरे हैं, बच्चों के इम्तिहान हैं। तेरी भाभी भी कह रही थी, सुलाएंगे कहाँ। तू बता, बांध कैसा है?”

“पक्का है।”

“पक्का?”

“पक्का, पाजी।”

तो हसला. “बस, तूने देख लिया तो हो गया। मिट्टी का मुझे क्या पता।” आणि खाली गेला. मला तेव्हा खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी वर येऊन मुलीचा गृहपाठ घेतला.

त्या वर्षी पाऊस जाता जाता फिरून आला. डोंगरात धो धो कोसळला, वर धरणातून पाणी सोडलं. बांध त्याच्या आईवडिलांच्या शहराच्या बाजूला फुटल्याचं रेडिओवर कळलं, तेव्हा पाजी दाढीला जाळी बांधत होता. तसाच निघाला. रस्ते तुटलेले. कधी ट्रकने, कधी चालत तो पोचला असणार. काही दिवसांनी परतला तेव्हा बरोबर फक्त बाऊजी, त्याचे वडील, होते. पाजीच्या डोक्यावर पगडी नव्हती, एक ओला पंचा गुंडाळलेला.

मी फाटकात उभा होतो. त्याने मला तिथेच सगळं सांगितलं, अगदी साध्या आवाजात. पाणी आलं तेव्हा बाऊजींनी बीजीला खाटेवर बसवलं. पाणी वाढलं तशी खाट मोठ्या पेटीवर चढवली. मग शेजाऱ्यांना बोलावायला ते शिडीने छतावर गेले, आणि तेवढ्यात मागची भिंत आत आली. पुन्हा खाली उतरता आलं नाही. बीजी बराच वेळ खालून हाक मारत होती, असं बाऊजी सांगत होते. नंतर मारेनाशी झाली.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं असावं. कारण त्याने माझा दंड धरला आणि म्हणाला, “तू दिल पे मत ले। तूने तो जाके देखा था। पानी ही इतना था, तेरा क्या कसूर।”

वर आलो तर बायको भिंतीला टेकून उभी होती. तिने खिडकीतून ऐकलं होतं.

“मी सांगतो त्याला,” मी म्हणालो.

“काय सांगणार? आणि सांगून त्या परत येणारेत?” मग पदराने तोंड दाबत म्हणाली, “मी अडवलं हो तुम्हाला. माझं नाव येईल. नका सांगू.”

मी सांगितलं नाही. तिच्यासाठी नाही सांगितलं, असं म्हणायची सोय झाली.

पाणी ओसरल्यावर कंपनीने आम्हाला लष्कराच्या गाडीतून खिंडार बघायला नेलं. मी तेव्हा पहिल्यांदा तो बांध पाहिला. नवी माती संत्र्याची साल सोलावी तशी जुन्या बांधावरून सोलून निघाली होती आणि खाली जुना उतार जसाच्या तसा होता. पायरी एकही कापलेली नव्हती. उतारावर गवत होतं. मातीखाली दबून पिवळं पडलेलं, मुळांसकट गवत. हे ओळखायला इंजिनीअर असण्याचीसुद्धा गरज नव्हती, नुसतं तिथे जाऊन उभं राहायला हवं होतं. खिंडाराच्या मागे वस्ती होती. कुठलं घर बीजीचं, हे मी कुणाला विचारलं नाही.

त्यानंतर खालच्या मजल्यावरून आवाज येऊ लागले. आधी दबके, मग उघड. “तूने कहा था, सुलाएंगे कहाँ।” “मैंने पूछा था, मना नहीं किया था!” भांडी आदळायची. मुलं जिन्यात येऊन बसायची. पाजी आता मला कधीतरीच हाक मारायचा; माझ्यावर राग म्हणून नव्हे, त्याला कुणाशीच बोलावंसं वाटत नव्हतं. भाभी कपडे वाळत घालताना माझ्या बायकोशी बोलायची, तीही बंद झाली. त्या घरात एका बाईला रोज दोषी ठरवलं जात होतं आणि खरा दोषी वरच्या मजल्यावर पंखा मोठा करून झोपत होता. वर्षभरात त्यांनी घर बदललं. मला, खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं.

मग शांतता झाली. बसेस रात्रीही धावू लागल्या, नाक्यांवरची वाळूची पोती गेली. मी बांधांचं काम सोडून इमारतींचं घेतलं. पाजी भेटायचा, वर्षा-दोन वर्षांनी कुणाच्या लग्नात वगैरे. हात हातात घ्यायचा. मी त्याच्या हातातून माझा हात लवकर काढून घ्यायचो. कित्येकदा सांगायचं ठरवून गेलो आणि जेवून परत आलो.

बाऊजी पुष्कळ जगले. त्यांच्या भोगाला, म्हणजे मृत्यूनंतरच्या शेवटच्या प्रार्थनेला, मी चंदीगडलगतच्या झिरकपूरला गेलो. पाजीने तिथे फ्लॅट घेतला होता. पाहुणे पांगल्यावर त्याने मला थांबवून घेतलं. बायको पुण्याला मुलीकडे होती, मी एकटाच होतो. भाभीने चहा आणला. केस पांढरे झाले होते, पण बसण्याची तीच रीत: खुर्चीच्या कडेला, कुणी उठवलं तर उठता यावं अशी.

पाजी बाऊजींबद्दल बोलत होता. शेवटची वर्षं ते याच खोलीत होते, भाभीनेच त्यांचं सगळं केलं. मी म्हणालो, भाभींनी फार केलं. तो कपात बघत म्हणाला, “हाँ, बाऊजी के लिए तो जगह निकल आई। बीजी के लिए ही नहीं थी।”

आवाजात राग नव्हता. रोजचं, घासून गुळगुळीत झालेलं वाक्य होतं. भाभीने रिकामे कप ट्रेमध्ये ठेवले आणि उठली. इतक्या वर्षांत ती अशी किती वेळा उठून आत गेली असेल, हे मला एकदम दिसलं.

“भाभी, बैठिए,” मी म्हणालो. “ट्रे रखिए। आपको भी सुनना है।”

ती उभीच राहिली, ट्रे हातात घेऊन. पाजीने मान वर केली.

मी बोललो ते सरळ बोललो. वर्षानुवर्षं मनात जुळवलेली वाक्यं एकही आठवली नाही. “पाजी, मैं धुस्सी देखने नहीं गया था। कभी नहीं। जीप में भी नहीं। सीढ़ी पे तुमने पूछा, मैंने झूठ बोला। तुम भाभी की वजह से बीजी को नहीं छोड़ आए थे, मेरे ‘पक्का’ पे छोड़ आए थे।”

“क्यों?” त्याने विचारलं. फक्त एवढंच.

“तुम्हारे साथ जाने से डर गया था। रास्ते से नहीं, पाजी। तुमसे।”

तो माझ्याकडे बघत राहिला. नाक्यावर पोलीस झडती घ्यायचे तेव्हा त्याचा चेहरा असाच व्हायचा, अगदी कोरा. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. भाभीकडे वळलो, हात जोडले.

“भाभी, इतने साल आपने मेरा इल्ज़ाम उठाया। मैं ऊपर से सब सुनता था, और चुप रहा। मुझे माफ़ कर दीजिए। पाजी, तुमसे भी माफ़ी माँगता हूँ। बीजी के लिए, और उस डर के लिए भी।”