भाऊजींचं नाक आणि वीस वर्षांचा चहा

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ, वरच्या खोलीत राहतात, आणि मी या घरात आल्यापासून त्यांच्या नाकाच्या धाकात राहते. बाकीच्या बायकांना सासूचा धाक असतो, माझ्या नशिबी दिराचं नाक आलं. मी खाली लसूण परतायला घेतला की वरची खिडकी धाडकन बंद. फरशी फिनेलने पुसायची नाही, कपाटात डांबरगोळ्या ठेवायच्या नाहीत, पाहुण्यांनी अत्तर लावून जिना चढायचा नाही. का? तर वर चहा मुरतोय आणि चहाला वास पटकन लागतो.

त्यांची नोकरीही नाकाचीच. लाँड्रीच्या काउंटरवर बसायचं आणि कपड्यावरचा डाग कशाचा ते हुंगून सांगायचं. एकदा एका सभ्य गृहस्थांची बाही नाकाशी नेऊन, त्यांच्या बायकोच्या समोर, हा वास घरातला नाही असं बोलून बसले. ते गिऱ्हाईक गेलं, पण त्या दिवसापासून अख्ख्या गल्लीत भाऊजींचा दबदबा वाढला. लग्न केलं नाही. एक स्थळ आलं होतं, मुलगी हसरी होती, शिकलेली होती, पण केसांना तेल लावत होती. पुढचं सांगायला नको.

हा चहा आणला होता दोघा भावांच्या मामांनी. मामा बोटीवर कामाला. त्यांनी ताटलीएवढी, दगडासारखी दाबलेली काळी चकती दिली, वरच्या कागदावर तारीख घातली आणि बजावलं, हा चहा जितका जुना तितका सरस, वीस वर्षांनी प्या. दोघांनी ती करवतीने अर्धी अर्धी कापली. इथपर्यंत सगळं गोडीगुलाबीत झालं. मग ह्यांनी आपला अर्धा भाग स्टीलच्या डब्यात घालून झाकण गच्च लावलं, आणि भाऊजींनी आपला कोऱ्या मातीच्या बरणीत ठेवून तोंडाला सुती फडकं बांधलं. दर पंधरा दिवसांनी बाहेर काढायचा, सावलीत चाळणीवर ठेवायचा, बाजू पालटायची, वारा द्यायचा. ह्यांचं म्हणणं, वाऱ्याने स्वाद उडून जातो. भाऊजींचं म्हणणं, चहाला श्वास लागतो. यावरून दोन शहाण्या, कमावत्या माणसांनी शेवटची पाच वर्षं एकमेकांशी अबोला धरला. बोलायचं ते माझ्यामार्फत. दादाला सांगा नळ गळतोय. त्याला म्हणावं प्लंबर येतोय. मी म्हणजे काय पोस्टमन?

वीस वर्षं भरायला दोन महिने राहिले आणि भाऊजींना ताप आला. आठ दिवसांत उतरला. पुढे एका सकाळी मी वर गेले तर जिन्यातच करपलेल्या दुधाचा वास. खोलीत धूर, पातेलं काळंठिक्कर, आणि भाऊजी शेगडीपासून दोन हातांवर पेपर वाचत बसलेले. मी धावत जाऊन गॅस बंद केला. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता.

"वहिनी, दादाला सांगू नका," ते म्हणाले.

तापाने नाक नेलं होतं, आणि नाकाबरोबर जिभेची चवही. डॉक्टर म्हणे, येईल किंवा येणार नाही. मला एकदम उलगडा झाला. लाँड्रीतलं एक गिऱ्हाईक मला म्हणालं होतं, तुमचे दीर हल्ली फार नम्र झालेत, डाग कशाचा आहे हो, असं आपल्यालाच विचारतात. मी खूश झाले होते. वाटलं होतं, आला माणूस ताळ्यावर.

त्यानंतर पंधरवड्याचं काम माझ्याकडे आलं. बुरशीचा वास धरलाय का, हे त्यांना कळेना, म्हणून मी बरणीत नाक घालायचं आणि ते समोर बसून विचारणार, कसला येतोय? मी म्हणायचे, लाकडाचा. कसल्या, ओल्या की सुक्या? आता लाकूड ते लाकूड! पण ते डोळे मिटून असे कान देऊन बसत, की मी पुन्हा हुंगायचे आणि नीट सांगायचे. खरं सांगते, मला त्यांची दया आली, आणि दया आली याचा रागही आला.

खाली दुसरंच. ठरलेल्या रविवारी दोन्ही चहा समोरासमोर प्यायचे, कुठला कुणाचा ते भाऊजींनी ओळखायचं आणि कुठला सरस ते सांगायचं, असा तापाच्या आधीच माझ्यामार्फत करार झाला होता. त्याच्या आठ दिवस आधी ह्यांनी आपला डबा उघडला आणि मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. आत चकतीवर पांढरी लव. कधीतरी दमट दिवशी झाकण लावलं असणार, ओल आत कोंडली. वीस वर्षांचा चहा केराच्या टोपलीत गेला. हे स्टुलावर बसून राहिले. हार मानायची तयारी होती, पण भावाने आपली जीत तोंडावर हसून मिरवली असती, हे सहन होईना.

"वरून त्याच्यातलाच जरा मोठा तुकडा आण," हे म्हणाले. "दोन्ही कप त्याच्याच चहाचे कर."

मी म्हटलं, अहो, त्यांनी ओळखलं तर? हे म्हणाले, ओळखेलच. त्याच्या नाकातून काय सुटतंय? निदान त्या पाच मिनिटांत काहीतरी सुचेल. नाकाचं सांगू नका, असं भाऊजी म्हणाले होते. ते लाँड्रीत गेल्यावर मी वर गेले आणि तुकडा तोडून आणला. आठवडाभर तो छोट्या बरणीत मोकळा ठेवला, कारण फोडलेल्या चहाला आधी वारा द्यायचा असतो. बघा, मलाही कळायला लागलं होतं.

रविवारी दुपारी दोन पांढरे कप टेबलावर ठेवले. चहा तांबूस, काळसर, स्वच्छ. भाऊजींनी पहिला कप उचलला, नाकाशी धरला, सगळं अगदी पूर्वीसारखं. घोट घेतला. दुसऱ्याचा घेतला. ह्यांचे हात टेबलाखाली एकमेकांत अडकलेले. भाऊजी कपाकडे नुसतं पाहत होते आणि मी मनात म्हणत होते, बोला, काहीही बोला.

"हा दादाचा," त्यांनी डावीकडचा कप पुढे सरकवला. "माझ्याहून चांगला झालाय. डब्याचंच बरोबर होतं, दादा."

पाच वर्षांत पहिल्यांदा थेट दादा म्हणाले. हे उठले आणि जिन्यात जाऊन उभे राहिले. मी मागे गेले तर माझा नवरा, डोळ्यातून टिपूस न काढणारा माणूस, बाहीने डोळे पुसत होता. "पहिल्याच घोटात ओळखलं गं त्याने," म्हणाले. "दोन्ही कप त्याच्याच चहाचे, हे ओळखलं. आणि तरी मला दिलं." मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. जन्मात एवढी गप्प मी कधी राहिले नव्हते.

आत आले तर भाऊजी तसेच बसलेले.

"दादा का गेला? एवढा चांगला झाला होता का?"

मी म्हटलं, हो.

"मग सांगा ना, कसा झालाय."

वीस वर्षं मी त्या चहाला नावं ठेवली होती आणि एक थेंब चाखला नव्हता. मी निवलेला कप उचलला आणि घोट घेतला. सांगितलं, जुन्या कपाटाचा कप्पा उघडल्यासारखा वास येतोय, लाकूड सुकं आहे, आणि मागून घशात गोडी येतेय.

"गोडी येतेय? किती वेळ टिकते बघा, जेवढी टिकेल तेवढा चहा मुरलेला. गेली की हात खाली करा."

मी हात वर केला. भाऊजी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. एक मिनिट झालं, दोन झाली. गोडी केव्हाच गेली होती, पण त्यांच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं, म्हणून मी हात तसाच वर धरून बसले.