मी मुलाखतीला गेलोच नव्हतो

शेतकी पदवी घेतलेला मी आमच्या घरातला पहिलाच. थोरल्या भावानं सातवीतून शाळा सोडली आणि नांगर धरला, म्हणून मी शिकलो. मी साखर कारखान्याच्या शेती खात्यात लागावं, एवढंच दादाला हवं होतं. आपला माणूस तिथं असला की ऊस वेळेवर तुटतो, असं तो म्हणायचा.

बहात्तरच्या आसपास मुलाखतीचं पत्र आलं. वहिनीनं तांब्यात निखारे घालून माझ्या शर्टाला इस्त्री केली. मी एसटीनं निघालो. वाटेतल्या एका गावात जत्रा दोन दिवसांवर आली होती आणि शाळेच्या पटांगणात नाटकाचा पडदा पसरला होता. तो रंगवणाऱ्याच्या हाताखाली मी सुट्ट्यांत काम केलेलं. म्हटलं, पाच मिनिटं उतरू.

जंगलाचा पडदा होता. तेव्हा रंगाची भुकटी ऊन सरसात कालवायची. सरस निवला की रंग थिजतो, त्यामुळे बादली संपेपर्यंत हात थांबवता येत नाही. बादली संपली तेव्हा दुपार टळली होती. खरं तर मधेच उठून जाता आलं असतं. मला उठायचं नव्हतं.

घरी दादानं विचारलं, "काय झालं रं?"

"जागा आधीच ठरलेली होती, दादा."

पुढे ती जागा शेजारच्या तात्यांच्या पुतण्याला मिळाली. दादा भडकला. "म्हंजे तात्यानंच वशिला लावला!" त्या दिवसापासून त्यानं तात्यांशी बोलणं टाकलं. मी गप्प बसलो. ते माझ्या सोयीचंच होतं. नोकरी हुकलेला पोरगा म्हणून मला पडदे रंगवायला कुणी आडकाठी केली नाही.

श्रीगोंद्यापासून बेलापूरपर्यंत कितीतरी गावांसाठी मी राजवाडे, देवळं, तुरुंग रंगवले. सुखात जगलो. दादा पुढच्या रांगेत बसून शेजारच्याला सांगायचा, "ह्यो राजवाडा आमच्या भावानं बांधलाय." तात्या मात्र आमच्या घरच्या एकाही लग्नाला नव्हते.

गेल्या दिवाळीत मी दादाला सगळं सांगितलं.

"म्हंजे तू झाडं रंगवीत बसला?"

"हो."

"आन् तात्या?"

"त्यांचा काही संबंध नव्हता."

दादानं काठी शोधली. "चल. तूच सांग त्याला. माझ्या तोंडून न्हाई निघायचं."

तात्या ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं आणि हात जोडले. त्यांनी माझ्याऐवजी दादाकडे पाहिलं.

"व्हय रं, म्हनून बोलत नव्हता? मला वाटलं, माझी म्हस तुझ्या घासाच्या वाफ्यात शिरली म्हनून."

"ती बी शिरलीच हुती की!"

"एकदा."

"तीनदा! मी सोता हाकलली."

"दुसऱ्याची असंल. माझी लई गरीब हुती."

दादा त्यांच्या शेजारी टेकला. तात्यांनी शेंगांचं सूप दोघांच्या मधे सरकवलं. म्हशीचा निकाल लागेना. शेंगा फोडता फोडता दोघांचे आवाज चढत गेले, आणि मी पायरीवर बसून ते भांडण ऐकत राहिलो.