आभारताईची शेवटची ओळ

“पाकीट मुकं असतं बाई, त्याला बोलतं मी करते.”

आभारताई हे दिवसातून दहादा म्हणायची आणि दहाही वेळा आत्ताच सुचल्यासारखी मान तिरकी करायची. पूर्वी ती नोंदणी कचेरीत दस्तऐवजांच्या नकला करायची. कचेरीत संगणक आले, नकला करणारे घरी बसले. हिचं अक्षर मात्र घरी बसेना. दोरीवर एकसारखे कपडे वाळत घालावेत, तशी तिची ओळ. ना कुठे झोळ, ना कुठे चिमटा सुटलेला.

गावातली माणसं लग्नात पैशाचं पाकीट देत आणि मग आभाराच्या चिठ्ठीची वाट बघत. पंधरा दिवसांत चिठ्ठी आली नाही, तर त्या घराची सालटी काढत. त्यामुळे ताईला कामाला तोटा नव्हता. ती यायची ती मामलेदार आल्यासारखी. खुर्ची पाठीची लागे, टेबल डुगडुगता चालत नसे. डुगडुगलंच तर यजमानाकडूनच पायाखाली कागदाची घडी घालून घेई.

तिचे नियम ठरलेले होते. किती दिले ते लिहायचं नाही. त्या पैशांचं काय झालं ते लिहायचं. आणि शेवटच्या ओळीत, देणाऱ्याला ती वस्तू बघायला बोलवायचं. “आकडा लिहिला की पावती होते, वस्तू लिहिली की चिठ्ठी,” ती म्हणे.

ती पंखेवाल्यांच्या घरी आली, तेव्हा सून दारामागे उभी होती. लग्नाला महिनाही झाला नव्हता. भांडीकुंडी नकोत, पैसेच द्या, मला शिलाई मशीन घ्यायचंय, असं तिने लग्नाआधी सगळ्या नातेवाइकांना सांगितलं होतं. माहेरी ती शेजारणीच्या मशीनवर शिकली होती, तेही शेजारीण दुपारी झोपली की. पाकिटं आली, सासऱ्यांनी “सांभाळून ठेवतो” म्हणून खणात टाकली, आणि आठ दिवसांत घराला लागूनच्या त्यांच्या पंख्यांच्या दुकानावर दिव्यांची पाटी लागली. पाटीवर सासऱ्यांचं नाव, बोटभर नव्हे, हातभर अक्षरांत. दिवसाही जळे. विजेचा धंदा करणाऱ्याने विजेची काटकसर करावी कशाला?

“लिहा,” पंखेवाले म्हणाले, “सूनबाईला शिलाई मशीन घेतलं.”

“दाखवा.”

“काय?”

“मशीन. न बघितलेल्या वस्तूला मी ‘घेतलं’ लिहीत नाही.”

“घेणारच आहोत हो. सध्या भाव चढलेत.”

“मग कधी घेणार ते सांगा.”

“घेऊ की कधीतरी. तुम्ही चिठ्ठी लिहायला आलात का उलटतपासणी करायला?”

“‘कधीतरी’ हा शब्द माझ्या हातून देखणा उतरत नाही. वार सांगा.”

आतून सासूबाईंना ठसका लागला. तो ठसकाच होता, असं त्या पुढे कितीतरी दिवस सांगत होत्या.

“रविवार लिहा!” पंखेवाले वैतागले. “कुठला ना कुठला रविवार येतोच.”

ताईने पेनाचं टोपण काढलं. दुपार कलेपर्यंत चिठ्ठ्यांचा ढीग झाला. सह्यांसाठी तिने तो पुढे सरकवला.

“वाचून घ्या.”

“आभार म्हणजे आभार. त्यात वाचायचं काय?”

सही करायला मात्र त्यांना फार आवडे. नावाखालून लांब शेपूट ओढत, ते परत वर आणत, त्याला गाठ मारत. प्रत्येक शेपूट लांब धरून बघत. वरच्या मजकुराकडे बघायला त्यांना सवड नव्हती.

घड्या घालायचं काम सुनेचं. पहिल्याच चिठ्ठीत शेवटची ओळ तिला दिसली: “येत्या रविवारी सकाळी मशीन घरी येत आहे. बघायला सहकुटुंब यावे.” तिचा हात थांबला. सासरे समोरच शेपटाला गाठ मारत होते. सांगितलं तर चिठ्ठ्या फाटणार, न सांगितलं तर रविवारी आपली खैर नाही.

“घडी सरळ घाल गं,” ताई टोपण लावत म्हणाली. “वाकडी घडी गेली तर घराण्याची शोभा.”

सुनेने घडी सरळ घातली. पाकिटं चिकटवली, आणि टपालपेटीत स्वतः टाकून आली.

रविवारी सकाळी पहिल्या आल्या पंखेवाल्यांच्या थोरल्या बहीणबाई.

“कुठंय रे मशीन?”

“कसलं मशीन, अक्का?”

अक्कांनी पिशवीतून चिठ्ठी काढली. “सही तुझीच ना? शेपूट तर तुझंच दिसतंय.”

मागोमाग सुनेचे मामा मशीनच्या तेलाची कुपी घेऊन आले. मग शाळेतले हेडमास्तर, मग अख्खी शेजारची आळी. खुर्च्या संपल्या तशी माणसं पंख्यांच्या खोक्यांवर बसली. मामा दारातून पाटीकडे बघत म्हणाले, “झकास! आमच्या पाकिटांचे दिवे भारी लागलेत हो.” हसू आधी खोक्यांवर पसरलं, मग रस्त्यावर गेलं.

“कार्ट्या, बघतोस काय!” पंखेवाले मुलावर खेकसले. “गल्ल्यातले घे आणि टेंपो काढ!”

लग्नानंतर बापापुढे ब्र न काढलेला तो मुलगा असा पळाला, की एक चप्पल दारातच राहिली.

मशीन खिडकीशी लागलं, तेव्हा आभारताई आली. लिहिलेली वस्तू ती बघून जाईच. तिने चाक एकदा फिरवलं, सुई खालीवर झाली, आणि आपल्याच अक्षराकडे बघावं तशी ती मशीनकडे बघत राहिली.

“तुमच्या लिखाणाचे पैसे विसरा आता,” पंखेवाले दातओठ खात म्हणाले.

“बरं झालं,” ताई म्हणाली. “तुमचे आभार मानायची एक चिठ्ठी लिहायची वाचली माझी.”

पदर सावरून ती पायऱ्या उतरली. भर उन्हात जळणाऱ्या पाटीखालून गेली, तिने वर पाहिलंही नाही. सून मशीनवर बसून खिडकीतून बघत होती. ताई चांभाराच्या दुकानापाशी पोचली, वळणाला लागली. हाक मारावी असं सुनेला फार वाटलं. पण सुईत ओवायचा दोरा तिच्या तोंडात होता, आणि तो सोडवेपर्यंत रस्ता मोकळा झाला होता.